खारीच्या शिकारीसाठी पहिली शॉटगन: बंदूक आणि काडतुसं कशी निवडायची

मिसुरीतल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला त्याची पहिली शिकार विचारा. हरीण किंवा टर्की असं उत्तर क्वचित येतं, बहुतेक वेळा खारच निघते. इकडे आलेली आपली मंडळी मात्र एकदम हरणाच्या रायफलपासून सुरुवात करतात, किंवा दुकानदाराने पुढे केलेली लष्करी थाटाची बारा गेज शॉटगन, म्हणजे जाड नळीची छर्‍यांची बंदूक, घेऊन येतात. दोन शनिवारात खांदा सुजतो आणि बंदूक कपाटात जाते. खार हा शिकायला उत्तम प्राणी आहे. हंगाम लांब, जंगल घराजवळ, खर्च बेताचा. रानात गप्प कसं बसायचं हे ती पहिल्याच सकाळी शिकवते.

हा लेख अमेरिकेत, त्यातही मिसुरी आणि आसपासच्या राज्यांत राहणाऱ्यांसाठी आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेच्या शिकारीला जागा उरलेली नाही, आणि शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्यामुळे यातलं काहीही गावाकडे करून बघायचं नाही. "सेतू बांधायला मदत करणारी खार तुम्ही मारता?" हा प्रश्न मंडळाच्या जेवणात मलाही येतो. ज्यांना तो मनापासून पडतो त्यांनी हा छंद धरू नये, त्यात कमीपणा काहीच नाही.

इथे शिकारीच्या खारी दोन. करडी, म्हणजे ईस्टर्न ग्रे, साधारण अर्धा किलो भरते. फॉक्स स्क्विरल तांबूस, अंगाने थोराड, एखादी किलोभराचीही होते. आपल्या अंगणातल्या खारोटीपेक्षा दोन्ही खूप मोठ्या, पण शेकरूपेक्षा लहान. मिसुरीत हंगाम मे महिन्याच्या चौथ्या शनिवारी सुरू होतो आणि १५ फेब्रुवारीला संपतो. दोन्ही जाती मिळून दिवसाला १० खारींची मर्यादा आहे. उडणारी खार या यादीत नाही. ती रात्रीची फिरते, त्यामुळे सहसा दिसणारही नाही. ओहायो, पेनसिल्व्हेनियात तारखा आणि आकडे वेगळे आहेत, तेव्हा दरवर्षी आपल्या राज्याची नियमपुस्तिका वाचायची.

१. आधी कागद, मग बंदूक

हा भाग कंटाळवाणा आहे, पण आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस विकत घेण्याची बंदी आहे, आणि जवळ बाळगण्याचीही. मित्राची बंदूक रेंजवर पाच मिनिटं हातात घेणं हेही बाळगण्यातच येऊ शकतं. या बंदीला काही अपवाद आहेत. आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. म्हणजे क्रम ठरून गेला: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, त्यानंतर बंदुकीला हात. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, हे विसरायचं नाही.

ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्यापुरता हा परवान्याचा प्रश्न येत नाही. दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरायचा, एलियन नंबर लिहायचा, राहत्या पत्त्याचा पुरावा द्यायचा. दुकानदार पार्श्वभूमी तपासून घेतो. शॉटगनसाठी दुकानात वयाची अट १८ वर्षांची आहे.

एक गोष्ट कुणी कितीही गळ घातली तरी करायची नाही. "माझं कार्ड अजून यायचंय, तू तुझ्या नावावर घेऊन दे" अशी विनंती करणारा मित्र असतोच. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर बंदूक घेणं आणि फॉर्मवर "मीच खरा खरेदीदार" असं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. नागरिक नसलेल्या माणसाला तर बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढता येतं. स्टेटसबद्दल जरा जरी शंका असली तरी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, बंदुकीच्या दुकानदाराला नको. सेंट लुईसमधून नदी ओलांडून इलिनॉयमध्ये राहायला गेलेल्यांना आणखी एक पायरी लागते. तिथल्या रहिवाशाला आधी फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगण्यासाठीचं राज्याचं ओळखपत्र, काढावं लागतं.

मिसुरीत १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सोळा वर्षांवरच्या माणसाला शिकारीचा परवाना घेण्याआधी हंटर एज्युकेशन करावं लागतं. प्रौढांना सगळा कोर्स ऑनलाइन करता येतो. तरी वर्गात बसायची संधी मिळाली तर सोडू नका, कारण तिथे डमी काडतुसं हाताळायला मिळतात.

२. गेज: वीसच का

आपल्याकडे ज्याला 'बारा बोअर' म्हणतात तोच इथला १२ गेज. नळीच्या आतल्या व्यासाची शिशाची गोळी केली, तर एका पौंडात अशा जितक्या गोळ्या बसतील तो गेज. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. १२ गेजचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, २० गेजचा १५.६. याला अपवाद .४१०, म्हणजे 'फोर-टेन'. तिथे आकडा हाच इंचातला व्यास आहे, सुमारे १०.४ मिलिमीटर.

नवशिक्याला दुकानात दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "बारा घ्या, सगळ्याला चालते." दुसरा म्हणतो, "खारीला कशाला एवढं? फोर-टेन घ्या, धक्का नाही, मुलंही वापरतात." पहिल्या सल्ल्यात तथ्य आहे. दुसऱ्याने मात्र अनेक नव्या लोकांचं नुकसान केलं आहे. फोर-टेनला धक्का खरंच कमी, पण छर्रेही तितकेच कमी. अडीच इंची काडतुसात अर्धा औंस शिसं असतं. ज्याला अंतर अचूक कळतं आणि जो खार जवळ येईपर्यंत थांबतो, त्याच्या हातात ती बंदूक देखणी वाटते. नवा माणूस अंतर कमी धरतो, घाई करतो आणि जखमी खार ढोलीत जाऊन मरते. मुलांची म्हणून विकली जाणारी ही बंदूक खरं तर मुरलेल्या शिकाऱ्याची आहे. शिवाय तिची काडतुसं बहुधा वीसपेक्षा महाग पडतात, त्यामुळे सरावाला हात आखडतो.

माझा कौल २० गेजला आहे. एका काडतुसात साधारण एक औंस छर्रे, बंदुकीचं वजन तीन किलोच्या आत-बाहेर, आणि खांद्याला सोसेल असा धक्का. दिवसभर रानात हातात धरून फिरायचं तर हा वजनाचा मुद्दा दुकानात वाटतो त्यापेक्षा बराच मोठा निघतो. घरात आधीच १२ गेज असेल तर दुसरी घेऊ नका. हलकं काडतूस घातलं की तीही चांगलं काम देते. १६ आणि २८ गेज प्रेमाने बाळगणारे लोक आहेत, पण गावच्या दुकानात त्यांची काडतुसं मिळतीलच असं नाही.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. घरात १२ आणि २० दोन्ही असतील तर काडतुसं एका पिशवीत, एका खिशात कधीही ठेवायची नाहीत. वीसचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत गेलं की ते घसरत पुढे नळीत अडकतं. मागून बघितलं तर घर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं दिसतं. मग माणूस वर बाराचं काडतूस भरतो, चाप ओढतो, आणि नळी फुटते. वीसचं काडतूस पिवळं ठेवण्याचा रिवाज याचसाठी आहे.

३. कोणत्या यंत्रणेची

सिंगल शॉट सगळ्यात साधी आणि सगळ्यात स्वस्त. नळी मोडायची, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडायची, एक काडतूस घालायचं, बंद करायची. मोडलेली बंदूक उडू शकत नाही, हे सोबत्यालाही लांबून दिसतं. एकच बार आहे म्हटल्यावर माणूस आपोआप नेम धरून मारतो. फक्त उघडा घोडा असलेल्या जुन्या सिंगल शॉटमध्ये तो घोडा थंडीने बधिर झालेल्या अंगठ्याने हळूच खाली घेताना निसटू शकतो. नव्या माणसाने अशी बंदूक आधी रिकामी ठेवून खूप हाताळावी.

पंप, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस भरायची बंदूक, हा अमेरिकेचा रोजचा भाकरतुकडा. रेमिंग्टन ८७० ही १९५० पासून चालत आलेली बंदूक आहे. मॉसबर्ग ५०० तिच्या पाठोपाठ साठच्या दशकात आली. दोन्हींचे सुटे भाग, चोक (नळीच्या तोंडाशी बसणारे, पाचव्या भागात येतील), दस्ते कुठेही मिळतात. फरक सेफ्टीत, म्हणजे चाप अडवून धरणाऱ्या खटक्यात, आहे. ८७० ची सेफ्टी चापामागे आडवी ढकलायची, तर मॉसबर्ग ५०० ची वर, अंगठ्याखाली. डावखुऱ्यांना मॉसबर्ग सोयीची पडते. ५०० च्या २० गेजमध्ये आखूड दस्त्याची बँटम नावाची आवृत्ती मिळते. आपल्यातल्या बुटक्या बांध्याच्या बायका-पुरुषांनी तिला 'पोरांची' म्हणून नाक मुरडू नये.

सेमी-ऑटो पुढचं काडतूस आपोआप भरते. तिला धक्का कमी जाणवतो, पण किंमत जास्त, साफसफाई जास्त. खारीच्या शिकारीत पटापट तीन बार काढायची वेळ फारशी येत नाही. दुनळी सुंदर असते. दोन नळ्यांना दोन वेगळे चोक हा तिचा खरा फायदा. पण स्वस्त दुनळीपेक्षा चांगली पंप केव्हाही बरी.

जुनी बंदूक घ्यायला हरकत नाही, फक्त परवानाधारक दुकानातून घ्या. नळीवर कोरलेलं वाचा: गेज किती, काडतुसाचं घर किती लांबीचं, चोक कोणता. घर रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, बंदूक उघडी ठेवून, नळीत उजेड टाका. आत खड्डे, फुगवटा, दबलेली जागा दिसली तर परत ठेवा. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असलेली आजोबांच्या काळातली बंदूक भिंतीवर शोभते. तिच्यात आजचं काडतूस घालू नका.

४. अंगाला बसते का

दुकानात परवानगी घेऊन बंदूक रिकामी आहे हे बघा आणि खांद्याला लावा. डोळे मिटून लावा, मग उघडा. गाल दस्त्यावर टेकलेला असावा आणि नजर थेट नळीवरून पुढच्या माशीपर्यंत, म्हणजे टोकावरच्या नेमाच्या मण्यापर्यंत, जावी. मान वाकडी करावी लागली, किंवा नजरेसमोर बंदुकीचा मागचा भागच येत असेल, तर ती तुमची नाही. मोठ्या माणसाच्या बंदुकीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण १४ इंच असतात. पाच फूट दोन इंचाच्या माणसाला ते बहुधा लांब पडतं, त्यात जानेवारीचं जाड जॅकेट घातलं की आणखी.

दुसरी तपासणी डोळ्याची. हात लांब करून अंगठ्याने दूरची एखादी वस्तू झाका, दोन्ही डोळे उघडे. मग एकेक डोळा मिटून बघा. ज्या डोळ्याने अंगठा जागेवर राहतो तो तुमचा जोरकस डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा जोरकस निघाला तर गोंधळू नका. एकतर डाव्या खांद्यावर शिका, नाहीतर बार काढताना डावा डोळा मिटा. खार बहुतेक वेळा स्थिर असते, त्यामुळे मिटलेल्या डोळ्यानेही भागतं.

५. चोक

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेलं अरुंदपण. छर्रे किती लवकर पसरतील हे त्यावर ठरतं. रूढ माप असं: ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात किती टक्के छर्रे पडतात. सिलिंडरमध्ये ४०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमध्ये ५०, मॉडिफाइडमध्ये ६०, फुलमध्ये ७०. खारीसाठी मॉडिफाइड किंवा फुल. मे-जूनच्या दाट पानांत खार जवळच दिसते, तेव्हा मॉडिफाइड. पानगळीनंतर फुल.

बदलता चोक असेल तर तो हाताने नाही, किल्लीने घट्ट बसवा आणि अधूनमधून तपासा. चोक काढून बार काढू नका, आतले आटे खराब होतात. एका कंपनीचा चोक दुसरीच्या नळीत बसेलच असं नाही.

६. काडतुसं: डबा कसा वाचायचा

दुकानात लोक बंदुकीपाशी तासभर रेंगाळतात आणि काडतुसांचा डबा हाताला येईल तो उचलतात. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं.

डब्यावर तीन आकडे मुख्य. पहिला लांबी: पावणेतीन इंच किंवा तीन इंच. दुसरा छर्‍यांचं वजन औंसात. तिसरा छर्‍याचा नंबर.

लांबीत फसगत होते. डब्यावरची लांबी ही बार निघाल्यावर उघडलेल्या काडतुसाची असते. न उडवलेलं काडतूस त्याहून आखूड असतं. त्यामुळे तीन इंची काडतूस पावणेतीन इंची घरात सहज जातं, अगदी बरोबर बसल्यासारखं वाटतं. बार निघताना मात्र त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. बसतंय म्हणून चालतंय असं इथे नाही. नळीवर कोरलेलं असेल तेवढंच खरं. तीन इंची घरात पावणेतीन इंची काडतूस मात्र खुशाल चालतं, आणि खारीला तेच पुरतं.

छर्‍याचा नंबर वाढला की छर्रा लहान होतो. सोपा हिशेब आहे: १७ मधून नंबर वजा करा, आलेला आकडा म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात व्यास. ६ नंबर म्हणजे ०.११ इंच, ५ म्हणजे ०.१२, ४ म्हणजे ०.१३. एका औंसात शिशाचे ६ नंबरचे साधारण २२५ छर्रे बसतात, ५ चे १७०, ४ चे १३५, साडेसातचे ३५०.

साडेसातचे एवढे छर्रे बघून मोह होतो. मातीच्या तबकड्या फोडायचे डबे स्वस्तही असतात. पण खारीचं कातडं तिच्या आकाराच्या मानाने फार चिवट असतं. सोलताना पहिल्यांदाच कळेल. बारीक छर्रे केसांत आणि कातड्यात अडकतात, जखम होते, खार पडत नाही. उलट ४ नंबरचे छर्रे आत जातात, पण इतके थोडे असतात की मधल्या फटीतून खार सुटते. म्हणून ६, आणि पानगळीनंतर थोड्या लांबच्या बारासाठी ५.

आता हिशेब करून बघू. खारीचं डोकं, मान आणि छातीचा पुढचा भाग धरला तर मारायची जागा मी साधारण १२ चौरस इंच धरतो. ३० इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस इंच. वीसच्या बंदुकीत एक औंस ६ नंबर, चोक मॉडिफाइड: २२५ चे ६० टक्के म्हणजे १३५ छर्रे वर्तुळात. ते सारखे पसरले असं मानलं तर ४० यार्डांवर त्या १२ चौरस इंचांत दोन-सव्वादोन छर्रे. बारा गेजमध्ये सव्वा औंस आणि फुल चोक घेतला तरी सव्वातीनच्या आसपास. फोर-टेनच्या अर्ध्या औंसाला मॉडिफाइडचीच टक्केवारी लावली तर जेमतेम एक. खार जागच्या जागी पडायला मला निदान पाच छर्रे हवेत. म्हणजे कुठल्याच बंदुकीने ४० यार्डांवर नवशिक्याने बार काढू नये, हे कागदावरच सिद्ध झालं. वीससाठी ३० यार्डांच्या आत राहा. फोर-टेनसाठी २० ते २५. ३० यार्ड म्हणजे साधारण २७ मीटर.

वेगाला भुलू नका. डब्यावर मोठ्या अक्षरात फूट-सेकंदाचा आकडा छापलेला असतो. जास्त वेगाने छर्रे बहुधा जास्त विस्कटतात आणि धक्का नक्की वाढतो. १२०० च्या आसपासचा वेग भरपूर झाला. डब्यावर 'ड्रॅम इक्विव्हॅलंट' दिसेल, ते काळ्या दारूच्या जमान्यातलं माप आहे. काडतुसाचं पितळ उंच की बुटकं यावरूनही आता ताकद ओळखता येत नाही. सरळ 'गेम लोड' लिहिलेला पावणेतीन इंची, एक औंस, ६ नंबरचा डबा घ्या. एका डब्यात २५ काडतुसं. दोन वेगळ्या कंपन्यांचे एकेक डबे घ्या, कशासाठी ते पुढच्या पायरीत येतं.

टंगस्टनच्या काडतुसांचा सध्या बोलबाला आहे. शिशापेक्षा कितीतरी जड, लांबवर मारतात, टर्कीवाले त्यांच्यावर जीव टाकतात. खारीवर ती उडवणं म्हणजे निव्वळ पैशाचा धूर.

शिसं कुठे चालत नाही हे मात्र बघावं लागतं. पाणपक्ष्यांच्या शिकारीत देशभर १९९१ पासून शिसं बंद आहे. काही फेडरल वन्यजीव आश्रयांत आणि मिसुरीच्या काही संवर्धन क्षेत्रांत इतर शिकारीलाही बिनविषारी छर्राच लागतो. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला शिसं बंद झालं. अशा जागी पोलाद. पोलाद हलकं असल्यामुळे दोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा, ६ च्या जागी ४. जुन्या बंदुकीत, विशेषतः फुल चोकच्या, पोलाद वापरण्याआधी निर्मात्याचा सल्ला बघा.

७. कागदावर बार काढा

हे केल्याशिवाय रानात जाऊ नका. दुकानात छापील टार्गेट मिळतं, पण खाटकाकडचा पांढरा कागदी रोल स्वस्त पडतो. चार फूट कागद ताणून बसवा, मध्ये ठिपका करा. २० यार्डांवर एक बार, मग २५, मग ३०. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. शॉटगनचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. कागद नेहमी बाकावर हात टेकवून मारा, म्हणजे तुमची चूक आणि बंदुकीची चूक वेगळी कळेल.

पुठ्ठ्यातून शेपटीशिवाय खारीचा आकार कापा, त्यावर डोकं-मान-छातीची खिडकी पाडा. कागदावर छर्‍यांची जिथे सगळ्यात दाट गर्दी आहे तिथे नव्हे, जिथे नेम धरला होता तिथे ती खिडकी ठेवा आणि भोकं मोजा. एका अंतरावर निदान तीन कागद. तिन्हींत पाच किंवा जास्त भोकं मिळतात ते सगळ्यात लांबचं अंतर ही तुमची हद्द. नंतर दुसऱ्या कंपनीच्या डब्यातून तेच. एकाच नंबरची, एकाच वजनाची दोन काडतुसं एकाच नळीतून इतकी वेगळी पसरतात की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. जे दाट आणि सारखं पसरतं ते तुमचं काडतूस. डब्याचा फोटो काढून ठेवा.

छर्‍यांची गर्दी सतत डावीकडे किंवा वर पडत असेल तर आधी खांद्याला लावायची पद्धत बघा. तरीही तसंच पडत असेल तर चोक बदला.

८. रानात अंतर आणि पार्श्वभूमी

हिकरी, ओक, अक्रोडाची झाडं शोधा. खाली कुरतडलेल्या टरफलांचा ताजा चुरा दिसला की तिथेच बुंध्याला पाठ लावून उजाडण्याआधी बसा. बसल्या जागेवरून तुमच्या हद्दीवरची झाडं आधीच पावलांनी मोजून, लक्षात ठेवून घ्या. "त्या वाकड्या ओकच्या पलीकडे बार नाही" असं मनाशी ठरवून टाका. उंचावरची खार लांब वाटते किंवा जवळ, डोळा दोन्हीकडे फसवतो. पण झाड मोजलेलं असलं की वाद मिटतो.

शॉटगन खारीला योग्य का, याचं एक कारण बार वरच्या दिशेने जातो हे आहे. ६ नंबरचा छर्रा फार तर २४० यार्डांच्या आसपास जाऊन पडतो. .२२ रायफलच्या डब्यावर मैल-दीड मैलाचा इशारा असतो. तरीही २४० यार्ड म्हणजे दोन फुटबॉल मैदानांपेक्षा जास्त. पलीकडे रस्ता, गोठा, घर असेल तर चाप ओढायचा नाही. आवाजावर, हलणाऱ्या पानांवर, पानांच्या घरट्यावर बार नाही. खार पूर्ण दिसली, डोकं ओळखलं, मागे काय आहे ते बघितलं, मगच सेफ्टी काढायची. टोपी आणि जॅकेट नारिंगी घाला. कायदा सांगो न सांगो, दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही दिसलं पाहिजे. खारीला त्या रंगाने फारसा फरक पडत नाही, हालचालीने पडतो.

खार बुंध्यामागे गेली तर सोबत्याला हळू पलीकडे चालत जायला सांगा, ती फिरून तुमच्या बाजूला येईल. सोबती कुठे आहे हे दिसेनासं झालं तर बंदूक खाली. पडलेली खार लगेच उचलायला धावू नका. नजर तिच्यावर ठेवून मिनिटभर थांबा, बाकीच्या खारी पुन्हा हलायला लागतात. मात्र जखमी वाटली तर तत्काळ जाऊन पुन्हा बार काढा.

गाडीत बंदूक रिकामी, पिशवीत. घरी कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. बहुतेक नव्या बंदुकीबरोबर केबलचं कुलूप येतं, ते खोक्यात पडून राहायला दिलेलं नसतं.

९. घरी आणल्यावर

हातमोजे घालून सोला, कारण तुलारेमिया नावाचा आजार रानटी प्राण्यांतून माणसाला होऊ शकतो. आतडी लवकर काढा, मांस थंड करा. उन्हाळ्याच्या शेवटी कातड्याखाली माशीच्या अळ्यांच्या गाठी दिसतात. बघायला किळसवाणं, पण त्या कातड्याबरोबर निघून जातात आणि मांस खायला चालतं.

जखमेच्या प्रत्येक भोकात सुरीचं टोक घालून छर्रा शोधा. छर्‍याने आत ओढलेला केसांचा पुंजका दिसला की छर्रा जवळच असतो. रक्ताळलेला भाग कापून टाका. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर त्यांच्या ताटात शिशाने मारलेलं मांस नको. त्यांच्यासाठी पोलादाचा डबा वेगळा ठेवावा. म्हाताऱ्या नराचं मांस चिवट असतं, ते तळायच्या भानगडीत न पडता कुकरला लावा. कोवळ्या खारीपेक्षा शिट्ट्या जास्त लागतील. शिजल्यावर हाडं वेगळी काढून मांस बोटांनी पिंजून घ्या. सुटलेला छर्रा तिथे हाताला लागतो. मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करा.